ख्रिस्ती चित्रांतली वेदना आणि समर्पण: नेमकं बघायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती धर्मचित्रांत जिकडेतिकडे रक्त, खिळे, काटे आणि रडणारी माणसं दिसतात, मग त्यांना समर्पणाची चित्रं का म्हणतात? वेदना दिसते, पण समर्पण दिसतं कुठे? आणि स्वतः या विषयावर चित्र करायचं झालं तर सुरुवात कुठून करायची? शिवाय शेवटी हळूच विचारलंय, की श्रद्धा नसेल तर हे जमतं का.

मी मानवाकृती रंगवतो आणि शिकवतो. त्यामुळे धर्मशास्त्राच्या वाटेने न जाता शरीराच्या वाटेने उत्तर देतो. तुम्ही चेहरे बघताय, आणि घोळ तिथेच होतोय. या परंपरेतल्या चांगल्या चित्रांत चेहऱ्याचं काम बरंच कमी असतं. बघायचं ते वजन. शरीराचा भार कोण पेलतंय, कोणता स्नायू अजून झगडतोय आणि कोणता सुटलाय, हे शोधा. वेदना म्हणजे ताण, आणि तो रंगवणं तुलनेने सोपं: शिरा फुगवा, बोटं वाकडी करा, तोंड उघडं ठेवा, झालं. समर्पण म्हणजे जाणूनबुजून सोडून दिलेला ताण. तो रंगवताना पंचाईत होते, कारण ताण सुटलेलं शरीर झोपलेलंही दिसू शकतं, बेशुद्धही आणि मेलेलंही. या चारही अवस्थांत मान तशीच कलते आणि हात तसाच लोंबतो. मग बघणाऱ्याला कळावं कसं, की या माणसाने स्वतःला सोपवून दिलंय? चित्रकारांनी यावर काढलेली उत्तरं बघत गेलात, की तुमच्या प्रश्नाची उकल आपोआप होत जाईल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. क्रूसावरचा ख्रिस्त कायम वेदनेतच दाखवला जायचा, असं नाही. बाराव्या शतकातल्या इटलीत लाकडी क्रूसावर रंगवलेला ख्रिस्त ताठ उभा असायचा, डोळे टक्क उघडे, जणू खिळे त्याला लागलेलेच नाहीत. असिसीच्या संत फ्रान्सिसने ज्याच्यापुढे प्रार्थना केली तो सान दामियानोचा क्रूस याच घडणीचा. आज तो असिसीतच सांता क्यारा चर्चमध्ये आहे. तिथे मृत्यूवरचा विजय दाखवायचा होता, मरण नव्हे. तेराव्या शतकात हे पालटलं. जुंता पिझानो आणि त्यामागून चिमाबुए यांच्या क्रूसांवर डोळे मिटले, डोकं खांद्यावर कललं, कमरेपासून सगळं शरीर एका बाजूला झुकलं. या बदलामागे फ्रान्सिस्कन साधूंचा मोठा हात आहे. १२२४ मध्ये ला व्हेर्नाच्या डोंगरावर फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. त्याच्या अनुयायांनी भक्ताला सांगितलं, की त्या प्रसंगाच्या शेजारी जाऊन उभा राहा, त्याचं दुखणं स्वतःचं मान. शेजारी उभं राहायचं तर समोरचा माणूस दुखणारा हवा; विजयी राजाच्या शेजारी कोण कळवळणार? उत्तर युरोपात ही वाट त्याही आधी सापडली होती. कलोनच्या कॅथेड्रलमधला दहाव्या शतकातला लाकडी ख्रिस्त मेलेला आहे, पोट सुटलेलं आणि खांदे भाराने ओढले गेलेले.

म्हणजे ही वेदना हौस म्हणून आलेली नाही. ती भक्ताला आत शिरायला ठेवलेलं दार आहे. पण नुसतं दार बघून परत फिरलात, तर तुमच्यासारखंच म्हणाल, की मला रक्तच दिसलं.

आता ज्या चित्रात सगळ्यात जास्त रक्त आहे तेच घेऊ: माथिआस ग्र्यूनेवाल्डचं इसेनहाइमचं वेदीचित्र, म्हणजे चर्चमधल्या वेदीवर लावायचं चित्र. काळ १५१२ ते १५१६, आज मुक्काम फ्रान्समधल्या कोलमार शहरातलं उंटरलिंडन संग्रहालय. ते ज्या मठासाठी केलं तो अँटोनाइन साधूंचा, आणि या साधूंचं मुख्य काम 'संत अँथनीचा अग्नी' झालेल्या रोग्यांची सेवा. राय धान्यावर वाढणाऱ्या बुरशीने होणारा हा रोग. त्यात अंगाची आग होते, हातपाय काळे पडून सडतात, पुष्कळदा कापावे लागतात. असे रोगी या चित्रासमोर आणले जात. हे डोक्यात ठेवून ख्रिस्ताची कातडी बघा. हिरवट, करडी, जागोजाग काट्यांची कुसळं रुतलेली, प्रत्येक कुसळाभोवती सुजलेली जखम. रोग्याला दिसत होतं ते स्वतःचंच अंग.

त्यात बोटं बघा. खिळ्याभोवती दहाही बोटं ताठ, फाकलेली, वर आकाशाकडे. माणसाचा हात सैल सोडला की बोटं आपोआप आत वळतात. ती फाकून ताठ ठेवायला जोर लागतो. म्हणजे हातांत झगडा अजून चालू आहे. उलट डोकं पूर्ण पडलंय, हनुवटी छातीवर, ओठ निळसर आणि उघडे. क्रूसाचं आडवं लाकूडसुद्धा भाराने धनुष्यासारखं खाली वाकलंय. एकाच शरीरात हात झगडताहेत आणि मान सुटली आहे. हा विरोध मुद्दाम आहे, आणि चित्र अंगावर येतं ते त्यानेच. त्यात रक्ताचा वाटा त्यामानाने थोडाच आहे.

समर्पण मात्र ग्र्यूनेवाल्डने ख्रिस्ताच्या शरीरावर लादलेलं नाही. ते त्याने शेजाऱ्याकडे सोपवलं. उजवीकडे बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. खरं तर त्याचा शिरच्छेद आधीच झालेला, तो तिथे असणं शक्यच नाही. तरी तो उभा आहे, लांबलचक तर्जनीने क्रूसाकडे बोट दाखवत, आणि त्याच्या हाताजवळ लॅटिनमध्ये बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली (हा योहान वेगळा, येशूचा शिष्य) ओळ लिहिलेली आहे: त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा. या माणसाच्या अंगावर ओरखडाही नाही. पाय घट्ट रोवलेले, दुसऱ्या हातात उघडा ग्रंथ. वेदना एका बाजूला आणि तिचा शांतपणे स्वीकार दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी आहे. हे वेदीचित्र घड्यांचं आहे. सणाच्या दिवशी पल्ले उघडले, की आत पुनरुत्थान दिसतं आणि ख्रिस्ताची कातडी स्वच्छ, उजळ होते, फक्त खिळ्यांच्या आणि भाल्याच्या खुणा उरतात. तेव्हा पुस्तकात एकटं क्रूसाचं पान छापलेलं बघून या चित्राबद्दल मत बनवू नका.

रॉजियर व्हॅन डर वेडनचं क्रूसावरून उतरवण्याचं चित्र (साधारण १४३५, माद्रिदचं प्राडो संग्रहालय) ही याच्या अगदी उलट प्रकृती. लूव्हनच्या धनुर्धरांच्या संघासाठी केलेलं, म्हणून वरच्या कोपऱ्यांच्या नक्षीत चिमुकली धनुष्यंही आहेत. दहा माणसं एका उथळ सोनेरी कोनाड्यात दाटीवाटीने भरलेली. ख्रिस्ताचं निष्प्राण शरीर खाली घेताहेत आणि त्याच वेळी त्याची आई मरिया कोसळते आहे. दोघांची शरीरं एकाच वळणाची: तीच कललेली मान, तोच कमरेतला बाक, शेजारी शेजारी लोंबणारे हात. आईच्या अंगावर एकही जखम नाही, पण मुलाच्या शरीराचा आकार तिच्या शरीराने जसाच्या तसा घेतलाय. भक्ताने ख्रिस्ताचं दुःख आपलं करायचं म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट पाठ मला माहीत नाही. अश्रू जवळून बघा. प्रत्येक थेंबाला एका बाजूला उजेडाचा ठिपका आणि दुसऱ्या बाजूला बारीक सावली आहे. तैलरंगाचे पारदर्शक थर एकावर एक चढवत गेल्याशिवाय हे साधत नाही.

पण या कोसळण्यावर पुढे धर्मपंडितांत चांगलाच वाद झाला, आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय, की क्रूसाजवळ येशूची आई उभी होती. १५०६ मध्ये काजेटान या डोमिनिकन पंडिताने मरियेच्या मूर्च्छेविरुद्ध एक लेखच लिहिला. मुद्दा असा, की मूर्च्छा आली म्हणजे शुद्ध हरपली, आणि जिची शुद्ध हरपली ती सोपवून काय देणार? डोळे उघडे ठेवून, पायांवर उभं राहून जे सोसलं तेच खरं. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने धर्मचित्रांबद्दल ठराव केला. त्यानंतरच्या कडक वातावरणात मूर्च्छित मरियेवर आणखी टीका झाली आणि उभ्या मरियेचा आग्रह वाढला. चित्रकार म्हणून मी रॉजियरच्या बाजूचा आहे, पण युक्तिवाद काजेटानचा पक्का आहे हे कबूल करावं लागतं. सुटलेल्या शरीरातही इच्छा जागी आहे हे दाखवायचं कसं, हाच तो पेच.

जिवंत, जागं समर्पण बघायचं तर क्रूसापासून थोडं मागे या. गेथशेमाने बागेत अटक होण्याआधीच्या रात्री येशू म्हणतो: तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. जोव्हानी बेलिनीने हा प्रसंग रंगवला, तो लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. येशू खडकावर गुडघे टेकून, जवळजवळ पाठमोरा. चेहऱ्यावरून काही कळू नये अशीच योजना आहे. जे काही आहे ते त्या पाठीत, जोडलेल्या हातांत आणि मागे फुटणाऱ्या पहाटेत. शिष्य पुढे आडवेतिडवे झोपलेले. झोपेने सुटलेली शरीरं आणि जागेपणी वाकलेलं शरीर एकाच चौकटीत ठेवल्यामुळे फरक सांगत बसावा लागत नाही. वर म्हटलेल्या पेचावरचं हे फार हुशार उत्तर आहे. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

दुसरा प्रसंग देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा, की तिच्या पोटी येशू जन्मणार आहे. पंधराव्या शतकात फ्रा रोबेर्तो काराच्चोलो नावाच्या प्रवचनकाराने मरियेच्या मनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या होत्या: आधी ती घाबरते, मग विचारात पडते, मग प्रश्न विचारते, मग शरण जाते, आणि शेवटी कृपेला पात्र होते. प्रत्येक चित्रकार यातली एक पायरी निवडतो. बोत्तिचेल्लीच्या उफिझी संग्रहालयातल्या चित्रात (१४८९-९०) तिचा हात देवदूताला जवळजवळ थोपवतोय, अंग मागे वळलंय. फ्रा अँजेलिकोने फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात जिन्याच्या माथ्यावर जे भित्तिचित्र काढलं, त्यात तिचे हात छातीवर एकावर एक ठेवलेले आहेत आणि ती किंचित पुढे झुकली आहे. वेदनेचा लवलेश नाही. 'पाहा, मी प्रभूची दासी' हे शब्द त्या झुकण्यातच आहेत.

याच मठात सातव्या खोलीतलं चित्र जरूर शोधून बघा. डोळ्यांवर पट्टी बांधलेला ख्रिस्त शांत बसलाय आणि त्याच्याभोवती हवेत नुसते हात आहेत, थोबाडीत मारणारे. एक तुटकं डोकं थुंकतंय. मारणाऱ्यांची धडं रंगवलेलीच नाहीत. पट्टी पातळ आहे, तिच्याखाली मिटलेल्या पापण्या दिसतात. पायाशी संत डॉमिनिक पुस्तकात डोकं घालून बसलेला. तो वर बघतही नाही. छळ म्हणजे नुसत्या खुणा, आणि खरा प्रसंग घडतोय तो वाचणाऱ्याच्या मनात. एका साधूने आपल्या खोलीत एकट्याने बघायचं चित्र आहे हे.

आता माझं सर्वांत आवडतं, आणि तुमच्या प्रश्नाचं बहुधा सर्वांत सरळ उत्तर: फ्रान्सिस्को दे झुर्बारानचा संत सेरापिओन, १६२८. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आहे. सेरापिओन मर्सिडेरियन पंथाचा. या पंथाचे लोक नेहमीच्या तीन व्रतांवर चौथं व्रत घेत, की बंदिवान ख्रिश्चनांना सोडवण्यासाठी गरज पडली तर त्यांच्या जागी आपण ओलीस राहू. सेरापिओन १२४० मध्ये हाल होऊन मेला. चित्र सेव्हिलच्या मर्सिडेरियन मठातल्या त्या दालनासाठी केलं, जिथे मेलेल्या साधूंना पुरण्याआधी ठेवत.

एवढी भीषण कथा, आणि चित्रात रक्ताचा एक थेंब नाही. मनगटं दोरांनी वर बांधलेली, डोकं उजव्या खांद्यावर पडलेलं, आणि बाकी सगळा कॅनव्हास पांढऱ्या झग्याने व्यापलेला. त्या पांढऱ्यातच सगळं आहे. कापड खांद्यांपासून सरळ खाली येतं, खोल घड्या पडतात, आणि प्रत्येक घडी सांगते, की आत शरीर लोंबतंय, उभं नाही. सावल्यांत पिवळट, राखाडी, क्वचित तपकिरी छटा. शुभ्र रंग थोड्याच जागी, तोही जाड. बोटं आत वळलेली, सैल. ग्र्यूनेवाल्डच्या फाकलेल्या बोटांशेजारी ही बोटं ठेवून बघा. एका बाजूला चित्रात टाचलेला चिठ्ठीवजा कागद आहे, त्यावर संताचं नाव, चित्रकाराची सही आणि साल. बघणारे साधू त्याच पंथाचे, तसाच झगा घातलेले, तेच व्रत घेतलेले. त्यांना जखमा दाखवायची गरजच नव्हती.

याच सुमारास वेलास्केझने केलेला प्राडोतला ख्रिस्त (साधारण १६३२) चार खिळ्यांचा आहे. पाय एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी, म्हणून भार समतोल, शरीर जवळजवळ उभं. चार खिळ्यांचा आग्रह त्याचा गुरू आणि सासरा पाचेकोचा. अर्धा चेहरा केसांनी झाकलाय. बास, एवढंच. काराव्हाज्जोने रोममधल्या चेराझी प्रार्थनाघरात (१६००-०१) समोरासमोरच्या भिंतींवर दोन टोकं लावली: एकीकडे उलट्या क्रूसावरचा म्हातारा पेत्र, मान उचलून, अंग ताणून, अजून झगडणारा, दुसरीकडे घोड्यावरून पडलेला पौल, डोळे मिटलेले, दोन्ही हात वर पसरलेले. आणि होल्बाइनचा बाझलमधला मृत ख्रिस्त (१५२१-२२), दोन मीटर लांब आणि जेमतेम ३० सेंटिमीटर उंच: तिथे समर्पण शोधू नका. तिथे फक्त प्रेत आहे, हिरवं पडत चाललेलं. धर्मचित्र किती टोकापर्यंत जाऊ शकतं याची ती हद्द आहे.

एक इशारा. वर फिरवलेले ओले डोळे म्हणजे भक्ती, हे समीकरण सतराव्या शतकात ग्विदो रेनीच्या चित्रांच्या असंख्य नकलांनी रूढ केलं. रेनी स्वतः मोठा चित्रकार, पण त्याच्या नकलाकारांनी त्या नजरेचा छापील ठसा करून टाकला. तुमच्या चित्रात डोळे वर गेले, की समजा तुम्ही शरीराचं काम टाळताय.

आता कामाचं. जवळच्या कुणाला तरी दोन्ही हातांनी आडवा दांडा धरून पाय जमिनीवरच ठेवून अंग सैल सोडायला सांगा, दर मिनिटाभराने विश्रांती द्या. बरगड्यांचा पिंजरा वर ओढला जातो, पोट आत जातं, काखेपासून छातीपर्यंतचा स्नायू पंख्यासारखा ताणला जातो, डोकं दोन खांद्यांच्या मध्ये बुडतं. हे पाठ झाल्याशिवाय क्रूस काढायला घेऊ नका. नाहीतर हात पसरून उभा असलेला माणूस होतो, आणि मागे लाकूड चिकटवल्यासारखं दिसतं. मग तेच अंग त्या माणसाला झोपेचं, थकव्याचं आणि प्रार्थनेचं करायला सांगून तीन वेगळे अभ्यास काढा. फरक मानेच्या मागच्या बाजूला आणि बोटांत सापडेल.

रंगाबाबत चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सांध्यावर लिहिलेला नियम अजून उपयोगी पडतो: मेलेल्या माणसाला गुलाबी छटा अजिबात लावू नका, कारण मेलेल्याला रंग नसतो. त्या काळचे इटालियन चित्रकार जिवंत कातडीसाठी खाली हिरवी माती लावून वर गुलाबी चढवत. गुलाबी काढून घेतलं, की प्रेत. ही युक्ती तुम्हाला उलटीही वापरता येईल. सुटलेलं शरीर जिवंत आहे असं सांगायचं असेल, तर ओठ, कानाची पाळी आणि बोटांची टोकं एवढ्याच ठिकाणी किंचित गुलाबी ठेवा. काजेटानच्या आक्षेपावर रंगाने देता येण्यासारखं उत्तर एवढंच.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणारा व्हासारी सांगतो, की फ्रा अँजेलिको क्रूस रंगवताना दर वेळी रडायचा. तोच व्हासारी पेरुजिनो या इटालियन चित्रकाराबद्दल सांगतो, की त्याला धर्माचं फारसं काही नव्हतं, आत्म्याचं अमरत्व त्याला कधी पटलंच नाही. व्हासारीला गोष्टी रंगवून सांगायची खोड होती, तेव्हा दोन्ही थोड्या सावधपणे घ्या. पण पेरुजिनोचे क्रूस आणि शोकदृश्यं मठांनी आग्रहाने करवून घेतली, हे तर खरंच आहे. श्रद्धा तुमच्याकडे नसली तरी ती ज्यांच्याकडे होती त्यांनी या चित्रापुढे बसून काय केलं, हे माहीत असायला हवं. कोलमारचं चित्र रोग्यांसाठी, सान मार्कोतलं एकट्या साधूसाठी, सेव्हिलचं मेलेल्या सोबत्याशेजारी उभ्या असलेल्यांसाठी. तुमचं चित्र कुणासमोर लागणार आहे, हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि मग पहिली रेघ काढा. अभ्यासाची रेखाटनं झाली की पाठवा, हातांपासून बघायला सुरुवात करू.